पंचाच्या खिशातला मोबाइल

मी एक जुना मोबाइल आहे. माझ्या काचेच्या कोपऱ्याला तडा गेला आहे, पाठीचा रंग उडाला आहे, आणि आवाजाचं बटण दोनदा दाबल्याशिवाय चालत नाही. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना हळव्या होतात. मीही झालो असतो. पण मला राग आला आहे, आणि तो गिळून गोड बोलणं मला जमणार नाही.

तरी सुरुवातीपासून सांगतो. एका मोठ्या कारखान्यात पांढऱ्या टोप्या घातलेल्या मुलींनी मला जोडलं. तिथून मी हाँगकाँगच्या एका दुकानात आलो आणि लिओनिसा सोब्रेवेगा नावाच्या बाईने मला विकत घेतलं. लिओनिसा त्या शहरात एका आजारी म्हातारीची देखभाल करते. तिला अंघोळ घालणं, पाय चोळणं, घास भरवणं हे तिचं काम. तिचं स्वतःचं घर मात्र समुद्रापलीकडे तिच्या देशात, पानाय बेटावर, इलोइलोच्या किनाऱ्याला लागलेल्या एका कोळीगावात आहे. तिथे तिचा नवरा डेल्फिन आणि मुलगी जोनालीन राहतात. त्या दोघांचे चेहरे नीट दिसावेत, एवढ्यासाठी ती आठ महिने मन मारून राहिली होती. साबण, चॉकलेटं आणि मांसाचे डबे भरलेल्या मोठ्या खोक्यात, एका टॉवेलच्या घडीत तिने मला ठेवलं आणि जहाजाने घरी पाठवलं.

डेल्फिन होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. पण गावात त्याला कोणी मेकॅनिक म्हणत नसे. सगळे त्याला पंच म्हणायचे. आमच्याकडे पाण्याचा नळ नसलेली वस्ती सापडेल, बास्केटबॉलची रिंग नसलेली सापडणार नाही. आमच्या वस्तीच्या मैदानावर तर पत्र्याचं छप्परही होतं, आणि त्या छपराखाली वीस वर्षं डेल्फिनची शिट्टी वाजत होती. ती वाजली की वाद संपायचा.

त्याचं कारण सांगतो. जोनालीनच्या आत्याला, म्हणजे त्याच्या मोठ्या बहिणीला, पुरिंगला, तो माझ्यावर सामन्याचं चित्रीकरण करायला लावायचा. दुसऱ्या दिवशी कामाच्या बाकावर बसून स्वतःचे निर्णय पुन्हा बघायचा. एकदा त्याला दिसलं की एका मासेविक्या पोराला त्याने चुकीचा फाउल दिला होता. तो तसाच तेलकट हातांनी उठला, त्या पोराच्या घरी गेला आणि दारातूनच म्हणाला, "काल मी चुकलो रे. तुझा हात लागला नव्हता." पोराची आई भात वाढत होती. तिने त्यालाही बसवून जेवू घातलं. मी त्याच्या शर्टाच्या खिशात होतो. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस.

मग रामिल आला. म्हणजे तो होताच. जोनालीनच्या बाप्तिस्म्याला त्यानेच तिला हातावर घेतलं होतं, त्यामुळे ती त्याला काका म्हणायची. बाजारात त्याचं मोबाइलच्या रिचार्जचं छोटं दुकान होतं. एका दुपारी त्याने मला डेल्फिनच्या हातातून घेतलं आणि माझ्या आत एक नवीन ॲप भरलं. ॲपच्या दारात एक मुलगी हसत उभी होती. ती सगळ्यांकडे बघून सारखंच हसते, हे मला पुढे कळलं.

"पंच, तुला खेळ कळतो," रामिल म्हणाला. "मग तो फुकट कशाला कळू द्यायचा? कोण जिंकणार ते सांगायचं आणि पैसे घ्यायचे."

"हा जुगारच की रे."

"जुगार म्हणजे पत्ते. इथे डोकं लागतं. तुझ्याकडे आहे म्हणून सांगतोय, नाहीतर मी आमच्या मेव्हण्याला नसतं दिलं?"

डेल्फिन हसला, पण त्याने विचारलंच, "कायद्यात बसतं का पण?"

"हा बघ शिक्का. खाली परवान्याचा नंबर. एवढे पोस्टर लागलेत रस्त्याला, सरकार काय आंधळं आहे?"

तो शिक्का माझ्या आत होता, म्हणून मला ठाऊक आहे. तो नुसतं चित्र होता. त्यावर बोट दाबलं तर काही उघडत नव्हतं. खरा परवाना कोणाकोणाला दिलाय, त्याची यादी सरकारी कचेरी सगळ्यांसाठी मांडून ठेवते. ती यादीही माझ्यातूनच दिसली असती, चार-पाच अक्षरं टाइप करायचा अवकाश. खेळाचे नियम दर वर्षी नव्याने वाचून काढणाऱ्या त्या माणसाने ती चार अक्षरं टाइप केली नाहीत. पुढे ॲपने विचारलं, तुमचं वय एकवीस पूर्ण आहे का? 'हो' मोठं आणि हिरवं होतं. 'नाही' इतकं फिकट की ते मलाच नीट दिसत नव्हतं.

पहिल्या आठवड्यात तो जिंकला. जिंकू देतातच. त्याने जोनालीनला बूट घेतले आणि पुरिंगला बाचोयच्या दुकानात नेऊन दोन-दोन वाट्या शेवयांचं सूप पाजलं. नंतर तो हरायला लागला. तो हरला की माझ्यावर लगेच निरोप यायचा, 'डेल्फिन, आज नशीब रुसलं? हे घे बक्षीस, पुन्हा खेळ.' कामाच्या बाकावर उघडं इंजिन तसंच पडून राहायचं आणि तेलकट अंगठा माझ्यावर फिरायचा. होडीवाले येऊन परत जायचे.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. लिओनिसा दुपारी फोन करायची. म्हातारी झोपलेली असायची, म्हणून ती हळू आवाजात बोलायची. तिचा चेहरा माझ्या काचेवर यायचा आणि नेमकी त्याच वेळी तिच्या कपाळावरून ॲपची पट्टी सरकायची, 'तिसरा डाव सुरू, आत्ता लावा.' डेल्फिनचे डोळे त्या पट्टीवर जायचे.

"अरे, माझ्याकडे बघ ना," ती म्हणायची.

"बघतोय की."

"मग मी आत्ता काय म्हणाले?"

ज्या चेहऱ्यासाठी तिने मला विकत घेतलं होतं, तो चेहरा माझ्यावरच झाकला जात होता. मला ती पट्टी थांबवता आली नाही. माझ्यात काही आलं की ते दाखवायचं, एवढंच मला शिकवलेलं आहे.

वर्षभरात जोनालीनच्या कॉलेजसाठी ठेवलेलं सगळं गेलं. मग रामिलने उसने दिले. त्याने कधी तगादा लावला नाही. फार प्रेमाने वागायचा. ते प्रेम कशासाठी होतं, ते गावच्या संताच्या सणाला कळलं.

सणाला आमच्याकडे आसपासच्या वस्त्यांचे सामने होतात. त्या वर्षी मैदानाच्या कोपऱ्यात तिवईवर एक कॅमेरा उभा दिसला. रामिल म्हणाला, ॲपवाल्यांनी लावलाय, आपले सामने आता थेट दिसणार. गावाला भारी कौतुक वाटलं. कुठल्या कुठल्या शहरांत बसलेली माणसं आमच्या मासेविक्या पोरांवर आणि शाळकरी मुलींवर पैसे लावत होती, आणि आमचे लोक कॅमेऱ्याकडे बघून हात हलवत होते.

मुलींच्या अंतिम सामन्यात जोनालीनची टीम होती. ती सतरा वर्षांची, टीमची कप्तान. इलोइलो शहरातल्या एका कॉलेजचे प्रशिक्षक खास तिचा खेळ बघायला येणार होते. मुलीच्या सामन्यात डेल्फिन कधी शिट्टी घेत नसे. पण ठरलेला पंच त्या दिवशी अचानक आजारी पडला. तो कसा आजारी पडला ते रामिलला विचारा. लोक डेल्फिनला म्हणाले, तूच उभा राहा, तू काय पोरीची बाजू घेणारा माणूस नाहीस.

सामन्याआधी रामिल त्याला छपरामागे घेऊन गेला. मी खिशात होतो.

"आठ गुणांपेक्षा जास्त फरकाने आपल्या पोरी जिंकता कामा नयेत," तो म्हणाला. "जिंकू दे की त्यांना. फक्त थोडं कमी. तुझं माझ्याकडचं सगळं मिटलं समज."

"माझी पोरगी खेळतेय त्यात."

"म्हणून तर म्हणतोय, ती जिंकणारच आहे. कोणाचं काय जातंय, पंच?"

डेल्फिनने नाही म्हटलं नाही. त्याने मला खिशातून काढलं आणि पुरिंगच्या हातात दिलं, कारण लिओनिसाला सामना बघायचा होता. रविवार होता, तिची सुट्टी होती. हाँगकाँगमध्ये एका पुलाखाली पुठ्ठे अंथरून सुट्टी घालवणाऱ्या तिच्या मैत्रिणीही माझ्यातून डोकावत होत्या.

"अगं पुरिंग, अंगठा काढ," लिओनिसा म्हणाली. "मला सगळा सामना अंगठ्याचाच दिसतोय."

"मग ये इथे आणि धर स्वतः," पुरिंग म्हणाली, पण अंगठा तिने काढला.

म्हणून मी ते नीट पाहिलं. तीन मिनिटं उरली होती. जोनालीनची टीम अकरा गुणांनी पुढे होती. तिच्या नावावर चार फाउल होते, पाचव्याला खेळाडू बाहेर जातो. समोरची मुलगी चेंडू घेऊन धावत आली, स्वतःच घसरली आणि पडली. जोनालीन तिच्यापासून दोन पावलं लांब, हात वर करून उभी होती. शिट्टी वाजली. डेल्फिनने पाच बोटं दाखवली.

मग लोकांनी टाळ्या वाजवल्या. मित्रांनो, त्या टाळ्या अजून माझ्या कानात आहेत. "याला म्हणतात पंच," कोणीतरी ओरडलं, "पोटच्या पोरीलासुद्धा सोडलं नाही." जोनालीनने वाद घातला नाही. तिने बापाकडे बघितलं आणि ती बाकावर जाऊन बसली. तिच्याविना टीमचा तोल गेला. आठ गुणांचं बाजूलाच राहिलं, त्या मुली एका गुणाने हरल्या. शहरातले प्रशिक्षक वही मिटून निघून गेले.

माझ्या काचेवर लिओनिसाच्या मैत्रिणी एकमेकींत बोलत होत्या. लिओनिसाने एवढंच विचारलं, "पुरिंग, तुला दिसलं का?"

"मला म्हातारीला काय दिसतंय," पुरिंग म्हणाली, पण तिने मान खाली घातली होती.

लिओनिसा सामन्याचं चित्रीकरण स्वतःच्या फोनवर जपून ठेवायची. संध्याकाळी जेवणाच्या आधी तिने तेवढा तुकडा माझ्यावर पाठवला. जोनालीनने मला हातात घेतलं आणि तो तुकडा लावला. तो चालू असतानाच वरून एक पट्टी सरकली. ॲपची नव्हती. रामिलचा निरोप होता, 'शाबास पंच. हिशोब मिटला.'

तिने तो दोनदा वाचला. मग मला भाताच्या ताटाशेजारी, बापासमोर ठेवलं.

"पपा, मी तिला हात लावला होता?"

डेल्फिन भाताकडे बघत राहिला. "नाही," तो म्हणाला.

जोनालीन उठून पुरिंगकडे झोपायला गेली. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

पण ती नुसती बसून राहणाऱ्यांतली नव्हती. सकाळी येऊन तिने मला उचललं आणि तिच्या बापाने कधीच टाइप केली नव्हती ती अक्षरं टाइप केली. परवान्यांची यादी उघडली. ॲपचं नाव त्यात नव्हतं. तिने कचेरीत फोन लावला. एका बाईने शांतपणे ऐकून घेतलं आणि शिक्क्याखालचा नंबर विचारला.

"हा नंबर आम्ही कोणाला दिलेलाच नाही," ती म्हणाली. "बेकायदेशीर आहे ते. पैसे लावू नका. लावणाऱ्यावरही गुन्हा होतो, नुसता चालवणाऱ्यावर नाही."

"आणि नाव यादीत असतं तर?"

"तर एकवीस वर्षांवरच्याला खेळता आलं असतं."

"आणि पंचाने सामना वळवला तर?"

"तो गुन्हाच," बाई म्हणाली. "परवाना असो नसो. त्याचा कायदा फार जुना आहे. तू कोण बोलतेयस, बाळा?"

जोनालीनने फोन ठेवला आणि मला घेऊन थेट रामिलच्या दुकानात गेली. तो पानदेसाल पावाचा तुकडा कॉफीत बुडवत होता.

"काका, तुमच्या ॲपला परवाना नाहीये."

"प्रोसेसमध्ये आहे गं."

"नंबर खोटा आहे."

"अगं पोरी, सगळे खेळतात. वस्तीप्रमुखाचा भाचा खेळतो." मग त्याने पाव खाली ठेवला आणि त्याचा आवाज बदलला. "आणि पोलिसांत जायचं डोक्यात असेल तर ऐकून ठेव. पहिला तुझा बाप आत जाईल. खेळणारा गुन्हेगार असतो, शिट्टी विकणारा त्याहून मोठा. मी कायदा वाचलाय."

ऐकलंत ना, मित्रांनो? त्याने कायदा वाचला होता. 'कायद्यात बसतं का' असं डेल्फिनने विचारलं होतं, त्या दुपारीही त्याला तो पाठ होता. शिक्का खोटा आहे हे त्याला ठाऊक होतं, आणि पकडलं गेलं तर गळा कोणाचा अडकेल हेही ठाऊक होतं. त्याच खात्रीवर त्याचं दुकान चाललं होतं. माझ्यात हात असते तर मी त्या कॉफीसकट त्याचं टेबल उलटं केलं असतं.

पुढच्या रविवारी लिओनिसाचा फोन आला. तिने आवाज चढवला नाही.

"पैसे गेले ते मी पुन्हा कमवीन," ती म्हणाली. "मला दोन हात आहेत. पण ती मुलगी सहा वर्षं त्या मैदानावर घाम गाळतेय, आणि तू असशील तिथे खोटं होत नाही असं ती मैत्रिणींना सांगायची. ते मी कुठून कमवून आणू? सांग ना. कुठल्या देशात मिळतं ते?"

"मी काय करू आता?" डेल्फिन म्हणाला.

"दुसऱ्याच्या पोराच्या दारात जाऊन चुकलो म्हणाला होतास. तेव्हा मला फोन करून विचारलं होतंस?"

त्याच आठवड्यात बक्षीस समारंभ होता. सगळं गाव छपराखाली जमलं होतं. चषक देऊन झाल्यावर डेल्फिनने माइक मागून घेतला. मी त्याच्या खिशात होतो. त्याने काही लपवलं नाही. ॲप, रामिलचे उसने पैसे, छपरामागचं बोलणं, पाचवा फाउल, सगळं नावानिशी सांगितलं. शेवटी तो मुलींच्या बाकाकडे वळला आणि म्हणाला, "जोनालीन, तुझा हात लागला नव्हता."

मला वाटलं होतं, लोक खोट्या शिट्टीवर चिडतील. काही चिडले. पण पहिला आवाज मागच्या रांगेतून आला, "मग मी लावलेले पैसे कोण देणार?" आणि त्याच्यामागे आणखी दहा-बारा जण उठले. ते जोनालीनच्या टीमवर पैसे लावून हरले होते. ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, तीच ही माणसं. त्यांचा पंच विकला गेला होता, त्यांच्या मुलींचा सामना चोरीला गेला होता, आणि त्यांना स्वतःच्या हरलेल्या पैजेचं दुःख होतं. मित्रांनो, मला रामिलचा राग येतो त्याहून जास्त त्या ओरडण्याचा येतो.

डेल्फिन दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात गेला. बरोबर जोनालीन होती. ती त्याच्याशी बोलत नव्हती, पण सोबत चालत होती. त्याने मला टेबलावर ठेवलं आणि माझं कुलूप उघडून दिलं. मला प्लास्टिकच्या पिशवीत घालून, नंबर चिकटवून कपाटात ठेवण्यात आलं. तेव्हापासून मी पुरावा आहे. कपाटात आणखी अकरा मोबाइल आहेत. त्यातल्या नऊ जणांच्या पोटात तीच हसणारी मुलगी आहे.

पुढचं मी कोर्टात ऐकलं. रामिल समारंभाच्या दिवशीच पळाला. पुढे तो दुसऱ्या बेटावर सापडला. तोवर त्याने नवीन नावाचं ॲप आणि नवीन शिक्का तयार ठेवला होता. सामना रद्द झाला, पण पुन्हा खेळवला नाही, कारण दुसऱ्या टीमने चषक परत केला नाही. डेल्फिनला आयुष्यभर शिट्टी हातात घ्यायची बंदी झाली. जोनालीनने शहरातल्या प्रशिक्षकांना स्वतः पत्र लिहिलं, तो तुकडा जोडला आणि पुन्हा चाचणी मागितली. त्यांनी तिला घेतलं, पण पहिल्या वर्षी शिष्यवृत्तीशिवाय. ती सकाळी सराव करते आणि दुपारी कॉलेजच्या खानावळीत ताटं धुते.

खटल्याच्या दिवशी मला कोर्टात नेलं. लिओनिसा रजा काढून आली होती, जोनालीनशेजारी बसली होती. कारकुनाने मला वीज जोडली आणि न्यायाधीशबाईंसमोर चालू केलं. कितीतरी महिन्यांनी मला जाग आली, आणि जागा होताच माझ्यातून पहिला आवाज निघाला तो ॲपचा. 'डेल्फिन, कुठे आहेस? तुझी आठवण येतेय. हे घे बक्षीस.' कोर्टात कोणी हसलं नाही. मला शरमेने फुटून जावंसं वाटलं.

न्यायाधीशबाईंनी विचारलं, "हे बेकायदेशीर आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं, असं तुमचे वकील सांगतात. खरं आहे का?"

वकिलाने डेल्फिनकडे बघून मान हलवली. 'हो' म्हटलं असतं तर त्याचा फायदा झाला असता.

"परवान्याचं मला माहीत नव्हतं, मॅडम," डेल्फिन म्हणाला. "मी बघितलंच नाही. बघायला हवं होतं. पण शिट्टी खोटी होती हे मला वाजवतानाच माहीत होतं. त्यासाठी कुठली यादी लागत नाही."

मागे बसलेल्या जोनालीनने मान वर केली. सामन्याच्या दिवसानंतर ती पहिल्यांदाच बापाकडे सरळ बघत होती.

शिक्षा अजून सुनावलेली नाही. पण मित्रांनो, तुमच्या हातात माझ्यासारखा कोणी असेल तर त्याच्या वतीने एक मागतो. आम्हाला जपा म्हणजे आमची काच पुसा, असं मी म्हणत नाही. आमच्या आत काय शिरू देता ते बघा. कोणी शिक्का दाखवला तर तो दाबून बघा, यादीत नाव शोधा, नसेल तर दारातच थांबवा. आणि असलं, तरी तुमच्या काचेवर तुमच्या माणसाचा चेहरा येतो तेव्हा वरून सरकणारी पट्टी बोटाने बाजूला करा, आणि त्या चेहऱ्याकडे बघा.